हजार किलोमीटरमागे सातशे

मंगळवार, दिनांक १७ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र शनिवारी पोहोचले. वहिनीचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. भाचीला गणित आवडू लागले आहे, हे वाचून तर विशेष आनंद झाला; घरात कुणालातरी ते आवडायलाच हवे होते. इकडे माझे गुडघे सोडले तर सारे ठीक आहे. प्रशिक्षण संस्थेत नवी तुकडी आली आहे. पहिल्याच आठवड्यात एकाने स्वतःच्याच पायावर पाना पाडून घेतला, आणि वर मलाच विचारले, "बाई, हा अभ्यासक्रमात आहे का?"

आता तुझ्या कामाकडे वळते. वाहनचालक संघटनेच्या रविवारच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी तुला माझे लेखी मत हवे आहे, तेही संस्थेच्या कागदावर, हुद्द्यासह आणि शिक्क्यासह. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी तेलाच्या चेंबरचा नट सैल ठेवला, तेल गळून गेले, म्हणून तुझ्या गाडीचे इंजिन जाम झाले, असे मी लिहावे. आणि त्यावरून संघटनेने त्यांच्याकडे गाड्या पाठवणे बंद करावे. "ताई, तुझ्या चार ओळी पुरेत, तुझ्यापुढे कोण तोंड उघडणार?" असे तू लिहितोस.

मत देते. पण चार ओळींत मला काहीच सांगता येत नाही, हे तू लहानपणापासून सोसत आला आहेस. तेव्हा क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. मी सुचवलेले, इंजिन आतून स्वच्छ करणारे ते तेल भरल्यापासून गाडी लिटरला नऊऐवजी दहा किलोमीटर देऊ लागली, असे तू स्टँडवर सगळ्यांना सांगत होतास. आपण टाकी काठोकाठ भरून, एकाच पंपावर, त्याच सपाट जागी गाडी उभी करून मोजमाप घेतले होते. तेल बदलण्यापूर्वीचे तीन आकडे ९.१, ९.३ आणि ९.२ असे आहेत. बदलल्यानंतरचे ९.२, ९.० आणि ९.४. दोन्हींची सरासरी काढ. अगदी एकच येते. आकड्यांतल्या या चढउताराहून मोजण्यातली चूकच मोठी असते, कारण टाकीच्या तोंडाशी पेलाभर फेस कमीजास्त झाला तरी आकडा हलतो. मग तुझा दहाचा आकडा कुठून आला? मोजमाप चालू आहे हे ठाऊक असल्यामुळे तू काही दिवस गाडी हळू चालवलीस, चाकांत हवा वेळेवर भरलीस, आणि एका फेरीला उतारच उतार होता. त्या एका फेरीचा आकडा तू लक्षात ठेवलास. यात तुझा दोष नाही. सगळी माणसे असेच करतात. दोष माझा, की मी तेव्हाच तो खोडून काढला नाही.

दुसरा प्रश्न अधिक सुंदर आहे. हसू नकोस, मला तो खरोखर सुंदर वाटतो. इंजिन तेल का पिते? पिस्टनभोवती तीन रिंगा असतात. सर्वांत खालच्या रिंगेचे काम सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडून परत खाली पाठवण्याचे. त्या परतीसाठी तिच्यामागे बारीक छिद्रे ठेवलेली असतात. वर्षानुवर्षे तेल जळते, त्याची काजळी त्या छिद्रांत बसते, आणि चहाची गाळणी तुंबावी तशी ती तुंबतात. मग रिंग आपल्या खाचेत अडकून बसते, भिंतीवरचे तेल तिथेच राहते आणि इंधनाबरोबर जळून जाते. साफ करणारे तेल ही काजळी विरघळवते, पण फार सावकाश, हजारो किलोमीटर चालल्यावर. रिंग नुसती अडकली असेल तर ती सुटते. झिजली असेल तर जगातले कोणतेही तेल तिला धातू परत देऊ शकत नाही. तुझ्या गाडीची रिंग थोडी अडकली होती आणि थोडी झिजली होती. म्हणजे तेलाचा फायदा व्हायचा होता, आणि तो अपुरा पडायचा होता.

हे सारे मी तुला उन्हाळ्यात स्टँडवर समजावून सांगितले होते, बाकावर खडूने रिंगेची आकृती काढून. मिस्त्री चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांचे म्हणणे, इंजिन खोला, रिंगा बदला, दुसरा उपाय नाही. माझे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचं इंजिन फळ्यावर चालतं. ह्याचं घाटात चालतं." सगळे हसले. ते हसले त्याचे मला काही नाही.

तू हसलास.

असो. त्यानंतर आपण प्रयोग सुरू केला. तुझी गाडी आठवड्याला सुमारे हजार किलोमीटर धावत असे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, संस्थेच्या सपाट फरशीवर गाडी उभी करायची. मी डिपस्टिक काढणार, वरच्या खुणेपर्यंत तेल मापाच्या नळीने भरणार, आणि जितके भरले तितके वहीत लिहिणार. तेलाला तू हात लावायचा नाहीस, अशी अट मीच घातली होती. रोज सकाळी डिपस्टिक पुसून पाहण्याच्या तुझ्या सवयीला मी वहम म्हटले आणि ती सोडायला लावली. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाची ती सवय होती.

पहिले तीन रविवार हजार मिली, हजार, नऊशे नव्वद. फरक नाही. फरक पडायला वेळ लागतो, हे मी नुकतेच वर लिहिले आहे आणि सव्वीस वर्षे शिकवते आहे. चौथ्या रविवारी तू खिडकीतून डोकावून विचारलेस, "काय गं ताई, मिस्त्रीला तोंड दाखवायचं की लपवायचं?" मी नऊशे साठ मिली भरले होते.

वहीत सातशे लिहिले.

एकदा सातशे लिहिल्यावर पुढच्या रविवारी नऊशे कसे लिहिणार? आलेख सुबक हवा. पाचशे, चारशे, तीनशे. दहाव्या रविवारी मी दोनशे लिहिले, तो कागद वेगळा उतरवून, सही करून तुला दिला आणि तू तो स्टँडवर हातोहात फिरवलास. त्या दिवशी मी खरोखर भरलेले तेल होते सातशे मिली.

सातशे! धाकट्या, हे नीट समजून घे, कारण मला हेच सर्वांत जास्त टोचते. हजारावरून सातशे म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. तेलाने आपले काम केले होते, आणि खरा आकडा लाज वाटण्याजोगा मुळीच नव्हता. मी फक्त वाट पाहायची होती.

पुढचे तुला ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ ठाऊक नाही. जुलैमध्ये तुला बारा दिवसांची, साडेतीन हजार किलोमीटरची भाड्याची वर्दी मिळाली. मिस्त्रींनी तेल आणि फिल्टर बदलून दिला. निघण्याच्या आदल्या दिवशी तू फोनवर विचारलेस, "ताई, तेलाचा डबा घेऊ का बरोबर? मागे सामानाची फार दाटी होतेय." मी हिशेब करून सांगितले, की हजाराला दोनशे म्हणजे साडेतीन हजाराला सातशे मिली, डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये दीड लिटर बसते, डबा कशाला? हिशेब बिनचूक होता. त्यात घातलेला आकडा खोटा होता, आणि ते त्या क्षणी फोनवर असलेल्या दोघांपैकी एकीला माहीत होते. "घे एक डबा, असू दे जवळ," एवढे म्हणायला काय लागत होते? पण तसे म्हटले असते तर तू विचारले असतेस, का?

भरलेली गाडी, घाटाचे चढ, तापलेले इंजिन. अडीच ते तीन लिटर तेल जळाले असणार, म्हणजे इंजिनातल्या सहा लिटरांतले निम्मे. वळणावर तेल एका बाजूला गेले, पंपाने हवा ओढली, बेअरिंगे कोरडी पडली. "तेलाचा दिवा लागला होता गं," तू नंतर म्हणालास, "मला वाटलं तारेचा घोटाळा असेल. दोनशेच्या वर तेल तर पीत नाही ना आपली गाडी." त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून तू आणखी चार किलोमीटर गेलास. गाडी भंगारात गेली, आणि आज तू दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक आहेस. हे मी केले.

मिस्त्रींनी तुला नट दाखवला होता. तो घट्ट होता. गाडीच्या पोटाखाली तेलाचा थेंब नव्हता, हेही त्यांनी दाखवले. "गळालं नाही, जळालं," एवढेच ते सगळ्यांना सांगत राहिले. कुणी ऐकले नाही, कारण बाईंचा कागद दोनशे म्हणत होता. तूही ऐकले नाहीस. तो तुझा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याच्यावर निष्काळजीपणाचा आळ घ्यायला तुला एक दुपार पुरली. धाकट्या, मी गुन्हेगार आहे, तरी हे बोलते: तुझ्या पत्रात मला कुठे प्रश्न दिसला नाही. तू नक्की काय घडले ते विचारले नाहीस, शिक्का मागितलास.

इथवर लिहून मी आज दुपारी याची नक्कल केली आणि मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. पूर्वी तिथे गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या असत. आज एकच होती, तीही त्यांची स्वतःची. त्यांनी हात पुसले, नक्कल घेतली आणि उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचली. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी विचारले,

"बाई, खरा आकडा सातशे? नक्की?"

"नक्की. मापाच्या नळीने मोजलेला."

"मग फरक पडला की हो. मी पैजेवर सांगत होतो, थेंबाचा फरक पडणार नाही म्हणून." त्यांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे तेलाबद्दल माझंच चुकलं होतं."

ज्या माणसाचे नाव मी चार महिने चिखलात पडू दिले, तो आपली चूक एका वाक्यात कबूल करून मोकळा झाला. सव्वीस वर्षे मी मुलांना जे शिकवते आहे, ते त्या गॅरेजमध्ये कुणी न शिकवता होते. मी निघाले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्याला आधी कळवा. बैठकीत सगळ्यांसमोर कळायला नको." म्हणून हे पत्र आजच्याच टपालाने पाठवते आहे.

रविवारी दहा वाजता मी बैठकीला येईन आणि मूळ वही घेऊन येईन. खरे आकडे मी दर रविवारी एका वेगळ्या कागदावर टिपत असे, तो कागद मी फाडला नव्हता. का, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून मी स्वतः वाचीन. संस्थेच्या प्राचार्यांनाही कळवले आहे. ते काय करायचे ते करतील. मिस्त्रींची माफी मी माझ्यापुरती मागितली आहे. तुझ्या वतीने मागितलेली नाही, ती तुलाच मागावी लागेल.

भाचीला यातले काय सांगायचे ते वहिनीने ठरवावे.

उत्तराची घाई करू नकोस. राग पुरता येऊ दे, मग लिही. अर्ध्या रागात तू मला क्षमा करून टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि ती मला घेता येणार नाही.

तुझी थोरली बहीण