बाबांची शेवटची तबली

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

शेडचं कुलूप काढलं आज. बाबा गेल्यावर एकोणऐंशी दिवसांनी. मुद्दाम मोजत होते असं नाही — पण कंपनीत क्वालिटी तपासणाऱ्या बाईच्या डोक्यात आकडे आपोआप बसतात.

तबली बाकावर होती तशीच. गिटारच्या वरच्या फळीला बाबा तबलीच म्हणायचे. मिरजेला सतार करणाऱ्यांकडे महिनाभर राहून आलेले, तिथला शब्द. ही बाहेरून पूर्ण कोरलेली, उपड्या परातीसारखी फुगीर. आतून अर्धवट. कडेकडेने पेन्सिलीने त्यांचे आकडे — ४, ४.२, ४.५. मध्यभागी आकडा नाही. नुसतं टिंब. "कड मोजायची. मधलं मोजायचं न्हाई, ऐकून थांबायचं!"

मी मोजलं. ७.६ मिलिमीटर. मग फुंकर मारून धूळ उडवली आणि एकदम रडू आलं. मूर्खासारखं.

संध्याकाळी पंकजाला फोन केला. ती नगरची, गोव्यात हॉटेलांमधून जॅझ वाजवते. तीन वर्षांपासून या गिटारीसाठी थांबलीय. म्हटलं, मी पूर्ण करते. ती म्हणाली, "करा ताई. पण मी ऐकून घेणार. बाबांचा आवाज नसेल तर नाही म्हणेन. राग मानू नका."

ठरवून टाकलं. तिने घेतली तर नोकरी सोडायची आणि शेड चालवायची. नाही घेतली तर शेड दूध संकलनवाल्याला देऊन मोकळं व्हायचं. अधलंमधलं काही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली पाळी, साडेतीनला घरी, चहा, शेड. बोटभर लांबीचा पितळी रंधा हातात घेतला. दोन तासांत काय काढलं? कडेचे पंधरा-वीस छिलके. मधल्या टिंबाला हात लावायची छातीच झाली नाही. बाबा म्हणायचे तेच — "वृषे, तुझा हात भितो!" म्हणायचे म्हणजे ओरडायचे. फाउंड्रीत वीस वर्षं लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केले, कान तिथेच अधू झाले. आमच्या घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. बाबांनी आयुष्यात एक वाक्य हळू म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या फाउंड्रीत मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. त्याची फुगीर पोटाची गिटार टेम्पोत फुटली, ती बाबांनी पॅटर्नच्या बाकावर सांधली. तिथून हे वेड. जाड फळीतून घुमट कोरून काढायचा — म्हणाले, हे तर माझंच काम हाय!

तबली दोन बोटांत कानाजवळ धरून पेराने ठोकली. ठक. बंद डबा. बाबा ठोकताना खिडकीबाहेर बघत राहायचे. बाहेर कट्ट्यावर आई मेथी निवडत बसलेली असायची. मला वाटायचं, उजेडाकडे बघतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मध्य ७.३!

सोमवारी ७.६ होता. काल मी शेडमध्ये पाऊलही टाकलं नाही, कंपनीत ऑडिट होतं. डावी कडही ४.६ होती ती ४.४ झालीय. मोजताना चुकले असेन. दुसरं काय असणार?

९ फेब्रुवारी, रविवार

चुकले नव्हते. कंपनीतून गेज ब्लॉक, नेमक्या मापाचे ठोकळे, आणून जाडी मोजायचा कॅलिपर तपासला. कॅलिपर बरोबर आहे. मध्य ७.१. उजवी कडही उतरलीय. लाकूड सुकून आकसतं, मान्य, पण इतकं? आणि बाकाखाली एक छिलका नाही. मी मंगळवारी पाडलेले होते, तेही झाडून नेलेत.

कुलूप बदललं. एक किल्ली पर्समध्ये, दुसरी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यामागे.

आईला विचारलं, कुणी आलं होतं का इकडे? "कोन येतंय हितं? पवनचक्क्यांचं वारं येतं, तेवढंच." तिला विचारण्यात अर्थ नव्हताच. भुशाने तिला शिंका येतात. शेडचा उंबरा ओलांडताना मी तिला कधी पाहिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अंघोळीच्या पाण्याला वास. बंबात काय घातलंस विचारलं तर आई म्हणाली, तुराट्या. तुराट्यांना असा वास नसतो. हा राळेसारखा, गोडसर — तबलीच्या स्प्रूसचा. ते लाकूड हिमाचलातून आलेलं. अख्ख्या सुपा गावात ते एकाच ठिकाणी आहे, आमच्या बाकावर. दोनदा साबण लावला तरी दिवसभर अंगाला येत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई शुक्रवारपासून घोडेगावला, मावशीकडे. मावशीला म्हैस घ्यायचीय आणि पारखायला आई लागते. म्हशीच्या पोटावर थाप मारून, कान लावून सांगते म्हणे, घ्यायची की नाही. मावशी तिच्याशिवाय दावणीला वासरूसुद्धा बांधत नाही!

दोन दिवस घरात मी एकटी. दोन्ही किल्ल्या पर्समध्ये. आज मध्य ६.९. कडा मात्र जागच्या जागी, जराही हललेल्या नाहीत. फक्त मध्य.

लिहायला भीती वाटते, तरी लिहिते — आवाज सुधारलाय. बंद डब्याचा आवाज गेला. ठोकलं की आत कुणीतरी कूस बदलावी तसं वाटतं. माझ्या हातून हे सात जन्मांत झालं नसतं, म्हणून मी कुणाला सांगतही नाहीये. मनात आलं, असेल कुणी, काम तर छान करतंय! आणि मग उठून दाराची कडी पुन्हा तपासली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. पंकजा घरी आलीय सणाला, ती दुपारी नगरहून स्कूटीवर आली. तबली हातात घेतली आणि गालाला लावली. बाहेर मिरवणुकीचे ढोल चाललेले, तिला त्याचं काही नाही.

विचारलंच तिला. मोबाईलवर बोट ठेवलं की गिटार दारात येते. तीन वर्षं थांबण्यासारखं काय आहे यात? म्हणाली, "ताई, तसल्या पाच आहेत माझ्याकडे. मी म्हणेन त्याला हो म्हणतात. बाबांच्या गिटारीला स्वतःचं मत असतं. सूर बोलतो आणि गप्प होतो, उगाच लोंबत राहत नाही. आणि खोटं वाजवलं की लगेच उघडं पाडते!" गंमत आहे. दिवसभर मी कंपनीत एक नग दुसऱ्यासारखा नसला की त्याला लाल स्टिकर लावते. आणि ही बाई, अशी दुसरी नाही म्हणून थांबलीय.

मग तिने ठोकून बघितलं. चेहरा बदलला. "हा हात त्यांचाच वाटतो. तुम्हीच कोरताय ना?"

मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

जाताना म्हणाली, "थोडंच राहिलंय. पण पातळपणाची हद्द एकदा ओलांडली की मेली, हं ताई." बाबांच्या हातची ही शेवटची. दुसरी फळी नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मध्य ६.७. तबली शालीत गुंडाळून माझ्या लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली गळ्यात. काम चांगलं चाललंय, कबूल. पण जे कोण करतंय ते थांबणार कधी? त्याला थांब म्हणून सांगणार कोण?

२२ फेब्रुवारी, शनिवार

कपाट बंद. शालीची घडी तशीच. ६.६.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तबली कालच परत शेडमध्ये ठेवली होती, दुसरी किल्लीही परत मसाल्याच्या डब्यामागे — कपाटाचा उपयोग काय! आज अर्धी रजा टाकली. एक वाजता मागच्या बाजूने आले. शेडचं कुलूप निघालेलं, दार लोटलेलं. आतून आवाज. खस्स... खस्स... मग थांबून, ठुम्म.

खरंच सांगते, मला वाटलं बाबाच. आणि भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. दार ढकललं.

आई! पदर नाकाला बांधलेला, हातात पितळी रंधा, तबली कानाशी.

मग ती खाली बसली आणि बोलायला लागली ती थांबेचना. "तुज्या बाबाला लाकडाचं काय बी ऐकू येत नव्हतं गं. मान्सं बोलली की वठावरनं कळायचं. लाकडाला वठ असत्यात व्हय? मी कट्ट्यावर बसायची. ते ठोकायचे, मी ऐकायची. झालं की हात वर करायची."

"किती गिटारींना?"

"समद्या."

खिडकी. मेथी. आणि मी म्हणे उजेड!

"तुम्ही दोघांनी मला का नाही सांगितलंत?"

"भैऱ्या मानसाची गिटार कोन घील? त्यांनी शपथ घातल्ती." मग माझा हात धरून म्हणाली, "आन् ती पोरगी न्हाई म्हनली तर तू ही शेड मोडशील. तुजा हात भितो. म्हनून आले मी, दुपारची, चोरासारखी. डब्यामागची किल्ली घेऊन."

इतका राग आला तिचा, आणि त्याच रागात तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. प्रत्येक गिटारीच्या पोटात चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकच नाव आहे, हनुमंत. भागीरथी कुठेच नाही.

चला, भूत सापडलं. मेथी निवडणारं!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर जायच्या आधी चहा घेताना आईला म्हटलं, मधलं मात्र सुरेख काढलंस हं.

तिने कप खाली ठेवला. "मधलं? मी कडंलाच हात लावला. चार डाव, कालचा धरून. छिलके बंबात घातले. मधलं तू काढतीस ना? मला वाटलं, पोरीचा हात सुटला."

"मी टिंबाला हातच लावलेला नाही."

"मग मी तरी कवा लावला? मी घोडेगावात हुते. आन् तुज्या कपाटाची किल्ली तुज्याच गळ्यात."

पाळीची बस चुकली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. आईचा उपास, माझाही. मध्य ६.४. आईने ठोकून ऐकलं. अजून थोडं हवंय म्हणाली, थोडंच.

आता हे असं चालू द्यायचं नाही. रविवारी मी स्वतः कोरणार. जे राहिलंय ते माझ्या हाताने निघू दे, नाहीतर शेड चालवायच्या गप्पा मारू नयेत. आई नेहमीसारखी कट्ट्यावर बसेल. माझी मान खाली असणार, हात वर केलेला दिसायचा नाही, म्हणून तिने तोंडाने सांगायचं — थांब. चिठ्ठीवर तिन्ही नावं घालायची. त्यावर लाजली चक्क!

मग म्हणाली, "माझा बी कान आता पैल्यासारखा न्हाई बरं का, वृषे." मी म्हटलं, उगाच काहीतरी. म्हशी पारखतेस अजून!

२ मार्च, रविवार

कोरलं. मधलं. हात भ्याला नाही.

चार छिलके, मग ठोका. चार छिलके, मग ठोका. रंधा पुन्हा टेकवला आणि ऐकू आलं — "थांब." थांबले. मान वर केली तर आई खिडकीबाहेर मेथीची जुडी धरून माझ्याकडे बघत होती.

"का गं थांबलीस? काढ की अजून दोन-चार."

"तूच म्हणालीस ना, थांब."

"म्या तोंड बी उघडलं न्हाई."

ती आत आली. तबली कानाशी धरून ठोकली आणि तशीच उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "झाली ही. माझं ऐकलं असतंस तर गेली असती."

मी मोजलं नाही.

आवाज खिडकीतून आला नव्हता, माझ्या पाठीमागून आला होता. बाबांचाच. पण ओरडून नाही. हळू. नीट ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.