आत राहिलेलं पोट

७ सप्टेंबर, रविवार

आजचं वजन एकशे दहा किलो चारशे ग्रॅम. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मोनिका मॅडमनी फोनवर आकडा दोनदा विचारून घेतला आणि पक्कं केलं: ऑपरेशनला सत्तावीस दिवस झाले, चौदा किलो उतरले, सगळं व्यवस्थित आहे, उद्यापासून पातळ बंद करून मऊ खायला हरकत नाही. ही वही त्यांच्याच सांगण्यावरून. रोजचं वजन, काय खाल्लं, किती, काही त्रास झाला का. लिहायचंच तर नीट लिहू, असं मी ठरवलंय.

नवऱ्याने, आदिनाथने, दुपारी मला कोल्हारला आणून सोडलं. मनमाड रोडच्या खड्ड्यांत माझे टाके उसवतील या भीतीने त्याने मित्राची गाडी इतकी हळू चालवली की राहुरीच्या पुढे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले. कालच्या विसर्जनाचा गुलाल अजून रस्त्यावर होता. नगरला नागापूरचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्याच्या कंपनीतल्या पाळ्या बदलत्या. म्हणून महिनाभर त्याच्या मावशीकडे राहायचं ठरलं. मी या घरी पहिल्यांदाच आले. राहीबाई मावशी आणि त्यांचा मुलगा सूर्यभान, दोघंच राहतात. स्लॅबचं नवं घर, पुढे पेरूची बाग, मागे प्रवरेचा उतार. छान आहे.

मावशींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आदिनाथला म्हणाल्या, "लग्नातली आन ही येकच हाय का रं? का बदलून आनली?" मी हसले, तर टाके दुखले. वाळले म्हणून कुणी चिडवण्याची सवयच नाही मला. माझ्या कंपनीच्या स्टोअरमधल्या बायका म्हणायच्या, मालाआधी राजेश्वरीला काट्यावर घ्या.

संध्याकाळी मुगाचं वरण, चार चमचे. त्रास नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

एकशे नऊ आठशे. सकाळी अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, दुपारी पनीर कुस्करून तीन चमचे. एकेक घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. गोड तर बंदच. गोड थेट आतड्यात उतरलं की छाती धडधडते, घाम फुटतो, आडवं व्हावं लागतं. भूक अशी लागतच नाही. घड्याळ बघून जेवते.

मावशींना हे बघवत नाही. माझी वाटी बघून म्हणाल्या, एवढ्यानं चिमणीचं बी भागायचं न्हाई. मग मी त्यांना ऑपरेशन समजावून सांगितलं. पोटाच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी केली आणि आतडं उचलून तिला जोडलं. आता तेवढंच माझं पोट. त्यांनी विचारलं, मग बाकीचं कुठं टाकलं? मलाही आधी वाटलं होतं की कापून काढत असतील. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. ते काढत नाहीत. डाव्या बरगड्यांखाली जागच्या जागी राहतं. त्याला रक्त मिळतं, त्यातून रस पाझरतो, फक्त त्याचं तोंड शिवलेलं असतं. अन्न तिथे कधीच जात नाही.

मावशींचा पीठ मळणारा हात थांबला. "म्हंजी जित्तं हाय, आन रिकामं?"

मी हो म्हटलं. भांडी घासताना त्यांनी पुन्हा विचारलं, त्याला भूक लागत असंल का. मी म्हटलं, नाही हो मावशी.

११ सप्टेंबर, गुरुवार

एकशे नऊ दोनशे. मऊ खिचडी, चार चमचे.

मी राहते ती खोली रुपालीची, हे आज कळलं. सूर्यभानची बायको. गेल्या कार्तिकात गेली. अन्ननलिकेचा कॅन्सर. शेवटचे दोन महिने पाण्याचा घोटही उतरत नव्हता, सगळं नळीने. तरी रोज जेवणाच्या वेळी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि दुसऱ्यांचे घास बघायची. मावशी सांगत होत्या, सून म्हणून आली तेव्हा एका बैठकीला पाच भाकरी खाणारी, खळखळून हसणारी पोर होती. शेवटच्या दिवशी पुरणपोळी मागितली. डॉक्टर नको म्हणाले म्हणून दिली नाही. दहाव्याला घाटावर कावळा शिवला नाही. सूर्यभानने सगळे शब्द दिले, दुसरं लग्न करणार नाही म्हणाला, तिच्या आईला सांभाळीन म्हणाला. तीन तास थांबले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

सोमवारी अविधवा नवमी आहे. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. कावळ्याचं झाल्यापासून गावातली एकही बाई यायला तयार नाही. मावशींनी मला विचारलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी बसेन म्हणाले. यांच्या घरात राहायचं आणि एवढ्याला नाही कसं म्हणायचं?

मोनिका मॅडमना फोन केला. म्हणाल्या, फक्त बोटावर घेऊन चाखा. शिवण अजून कच्ची आहे. जास्त भरलं आणि ती आतून उसवली तर जिवावर बेतेल, ऑपरेशन टेबलापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळणार नाही. मी म्हटलं, दोन चमच्यांच्या वर जाणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

एकशे आठ सातशे. ताकातली नाचणी, अर्धी वाटी.

दुपारी पुरणाच्या डाळीचा वास आला आणि पोटात आवाज झाला. लांबलचक, जड, फरशीवरून रिकामी कोठी ओढावी तसा. पलीकडे पेरू निवडत बसलेल्या सूर्यभाननेही मान वर केली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गॅस असेल. असेल. पण आवाज माझ्या पिशवीतून आला नाही. खालून आला, डावीकडून. आणि ती भूक होती. छत्तीस वर्षं भुकेबरोबर काढलीत मी. मला ओळखू येते.

१५ सप्टेंबर, सोमवार

एकशे आठ तीनशे, हे सकाळचं.

जसं झालं तसं लिहिते. मावशींनी हिरवी साडी दिली, बांगड्या भरल्या, ओटी भरली. पाटावर बसल्यावर सांगितलं की या पानावर अन्न टाकायचं नाही, आणि उठेपर्यंत आपल्या नावाने बोलायचं नाही. हे आधी सांगितलं असतं तर... पण तेव्हा उठणं बरं दिसलं नसतं. पानात पुरणपोळ्या, खीर, उडदाचे वडे, कढीभात, गवारीची भाजी. मावशींनी माझ्या तळहातावर पाणी सोडलं आणि म्हणाल्या, "रुपाले, ये गं बाई. जेव आता."

मी पुरण बोटावर घेऊन चाखलं. त्यानंतरचे तीन घास आठवतात. मग एकदम सूर्यभान दिसला, दारात, तोंडावर हात धरून उभा. पान स्वच्छ होतं. मावशी रडत होत्या आणि हसतही होत्या. म्हणाल्या, पाच पोळ्या आणि दोन वाट्या खीर, मागून घेतली, पोरीनं मागून घेतली. वर स्लॅबवर ठेवलेल्या घासाला त्याच वेळी कावळा शिवला.

मनगटाची नाडी धरून दोन तास बसले. आता उलटी होईल, आता घाम फुटेल, आता शिवण जाईल. काही झालं नाही. धडधड नाही, कळ नाही. तडससुद्धा लागली नाही. जणू मी जेवलेच नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

एकशे पाच. एका दिवसात तीन किलोच्या वर. काटा सरकवून तीन जागी ठेवून बघितला.

मोनिका मॅडम शाब्बास म्हणाल्या. जेवणाचं मी त्यांना सांगितलं नाही. रागावतील म्हणून. शाळेतल्या मुलीसारखं वागले.

१७ सप्टेंबर, बुधवार

एकशे एक.

दुपारी मावशींनी ताट वाढलं. न विचारता. चार भाकरी, पिठलं, ठेचा. मी नको म्हणत होते आणि हात ताटाकडे जात होता. सूर्यभान समोर बसून बघत होता. शेवटी हळूच विचारलं, मीठ बरोबर झालंय का. मी म्हणाले, आज कुठं तुमच्या आईच्या हाताला चव आलीय. हे मी का म्हणाले ते मला माहीत नाही. तो पांढरा पडला. रुपाली हेच म्हणायची, रोज, सासूला चिडवायला.

साडी कमरेवर राहत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सत्त्याण्णव. आज डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जवळ मिळेल तिथे लगेच स्कॅन करा.

सूर्यभानने गाडीतून नेलं. मशीनवरच्या मुलीने पडदा बघून दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. फोटो नगरला माझ्या डॉक्टरांना पाठवले. तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. नवी पिशवी ठीक आहे, शिवण शाबूत आहे. पण जुनं पोट आत्तापर्यंत आकसून चपटं व्हायला हवं होतं. ते भरलंय. बरगड्यांना टेकेपर्यंत भरलंय. मी विचारलं, कशाने?  ते म्हणाले, तिथे अन्न जायला रस्ताच नाही, ताई. मी स्वतः बंद केलाय. आजच्या आज इकडे या.

सूर्यभानने गाडी नगरकडे घेतली नाही. आई जेवायची थांबली असेल, म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण उद्या मला—

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ब्याण्णव.

स्कॅनचं कळल्यावर आदिनाथ रात्रीच निघणार होता. आला नाही. मी फोन केला तर म्हणाला, तूच सांगितलंस ना, रविवारी ये, घाई करू नको, मी मजेत आहे. मोबाईलवर दिसतंय. काल संध्याकाळी चार मिनिटं बोलले आहे. मला आठवत नाही. आत्ताही खरं सांगायला गेले, तर तोंडून निघालं, हो, रविवारीच ये.

दाराला कडी नाही. कुणी अडवत नाही. तीनदा बागेच्या फाटकापर्यंत गेले. तिन्ही वेळा भानावर आले तेव्हा स्वयंपाकघरात होते. पाटावर.

२० सप्टेंबर, शनिवार

पंच्याऐंशी. हाताची हाडं—

आज दोन ताटं. एक रुपालीचं. दुसरं गोजरबाईचं, मावशींच्या सासूचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता गेली, पोटात तीन दिवस अन्न नव्हतं. मावशी म्हणाल्या, तिला बी दोन घास घाल गं, तुझं काय जातंय.

दुसरं ताट मी दातांनी चावलं नाही. हिरड्यांनी चघळत होते. माझे सगळे दात शाबूत आहेत.

आवाज आता एकाचा नाही. एक थांबला की दुसरा. रुपालीचा येतच नाही. तिचं भागलं असावं. पण तिने जागा दाखवली—

मावशी म्हणाल्या, उद्या सर्वपित्री.

२१ सप्टेंबर, रविवार

वजन केलं नाही. काट्यावर उभं राहवत नाही.

सकाळी मोबाईल पदरात बांधून बागेतून आदिनाथला फोन केला. या वेळी मीच बोलले. मी. सगळं सांगितलं. रडला. साडेनऊला निघालाय. डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी ठेवलीय, जुनं पोट काढूनच टाकणार आहेत. तेवढं झालं की मी वाचेन, असं म्हणाले. राहुरीत वाहतूक अडकलीय. साडेबारापर्यंत पोहोचतो म्हणतोय.

मावशी बाराला वाढणार.

पावणेबारा. मावशींनी माझे पाय धुतले. सूर्यभानने केळीची पानं मांडली. सात. पाट एकच. मी विचारलं, बाकी कोण बसणार? मावशी म्हणाल्या, दोघींची नावं ठाऊक हायेत, बाकीच्यांची कुणाला ठाऊक. नुसतं पाणी सोडलं तरी चालतंय. जागा एकच हाय, वळीनं येऊ दे.

सकाळपासून स्लॅबवर कावळे बसलेत. एकही ओरडत नाही.

बरगड्या आतून सरकतायत. कुणीतरी जागा करून देतंय—

आदिनाथचा मेसेज. प्रवरेच्या पुलाअलीकडे आहे. वीस मिनिटं.

बारा.

मला भूक नाही. मी राजेश्वरी आहे. मला भूक नाही. मला भूक—

उजवा हात मावशींनी धरलाय. डाव्या हाताने लिहितेय. पाणी गार आहे. त्यांनी नाव घेतलं नाही, नुसतं म्हणाल्या, या. आणि आतून सगळ्यांनी एकदम