रडली तरी ऐकू नका

गोरेगाव, ता. २ नोव्हेंबर १९३५

चि. घनश्याम यास देवकाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेले तू आला नाहीस, वकिलाच्या घरची दिवाळी केलीस, हे मी लक्षात ठेवलं आहे. त्याचं भांडण समोरासमोर करीन. आज दुसरंच लिहून राहिली.

दिवाळी झाल्यावर मी सालेकशाले चार दिवस जाऊन आली. आपली बहीण पुष्पा अन् तिचा नवरा पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले, त्याले दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची शामकला काकाजवळ, हिरालालजवळ आहे. नऊ वर्षांची झाली. थोडे दिवस माझ्याकडे आणावी म्हटलं. हिरालालनं काय आदर केला बापा! पाय धुवायले ऊन पाणी, ताटात अनारसे, शब्दाशब्दाले बाई बाई. जंगलच्या ठेकेदाराचा मुनीम तो, बोलणं लोण्यावाणी. पण त्याची बायको मंदाबाई! तोंडावर हसू म्हणून नाही. पोरीले अन् मले घडीभर एकटं राहू दिलं नाही. मी पोरीले न्हाऊ घालायले बसली तर बाईनं माझ्या हातचा लोटा हिसकला, मीच घालते म्हणाली.

पोरगी भिंतीले टेकून बसत नाही. निजते तर पालथी. काही विचारलं की खाली पाहते. हिरालाल म्हणाला की तिले ताप येऊन राहिला, बरी झाली की मीच पोचवून देतो.

मले यात काळंबेरं दिसते. मंदाबाई लेकराचा छळ करून राहिली, हे मी लिहून देते. तू कोर्टकचेरीत वावरतोस, काय करायचं ते कळव.

बहिणीची आठवण फक्त अनारशापुरती ठेवू नकोस.

तुझी,
देवकाबाई


भंडारा, ता. ९ नोव्हेंबर १९३५

ती. सौ. बाईस घनश्यामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पावले. अनारसे खाऊनही तुझा संशय जिरला नाही, धन्य आहेस! गेल्या वर्षी पोस्टमन पत्रे उघडतो म्हणून तू घडीत मोहरी मोजून घालत होतीस. ती सगळी शाबूत येऊन माझ्या टेबलावर सांडत होती. त्याआधी दूधवाला झाला, आमचे भाऊजी झाले, आता बिचारी मंदाबाई.

तरी हसण्यावारी नेत नाही. आमचे ईश्वरदास वकील म्हणाले की पोरगी ताठ बसते हा पुरावा नव्हे. काय दिसले ते सांगावे, काय वाटले ते नव्हे. शिवाय तिचा सांभाळ काकाकडे आहे. ओढून आणशील तर उलट तूच आरोपी होशील. तेव्हा हिरालालला एक गोड पत्र लिही आणि पोरीला पाठवायला सांग. तुला गोड लिहिता येते असे ऐकून आहे, अनुभव नाही.

भाऊजींस नमस्कार. धाकट्यावरचा राग भाऊबीजेपुरताच असावा.

तुझा,
घनश्याम


सालेकसा, ता. २२ नोव्हेंबर १९३५

सौ. देवकाबाई यांसी हिरालालचा सविनय नमस्कार. वि. वि.

आपले कृपापत्र मिळाले. चि. शामकलेस ताप येतो व पोटातील पानथरी (प्लीहा) वाढली आहे. आपल्याकडील रीतीप्रमाणे तापल्या लोखंडाचे डाग दिले आहेत. ते ओले असता प्रवास बरा नव्हे, म्हणून इतक्यात पाठवीत नाही. याविषयी आपण गेल्या वैशाखात जे लिहिले त्याबरहुकूमच सर्व चालले आहे. ते पत्र मी जपून ठेवले आहे. आपला शब्द आम्हांस आज्ञेसारखा.

मुलगी खाते-पिते, आपली आठवण काढते. आमच्या मंडळींकडून आपल्या आदरात काही उणे झाले असल्यास क्षमा करावी. तिचा स्वभाव आपण पाहिलाच.

आम्हां उभयतांस आपले मानावे, याहून अधिक मागणे नाही.

आपला नम्र,
हिरालाल


गोरेगाव, ता. ८ डिसेंबर १९३५

चि. घनश्याम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

शामकला माझ्या घरी आहे. कशी आली ते ऐक. बाजाराच्या दिवशी भर दुपारी मंदाबाई दारात उभी! हिरालाल ठेकेदारासंगं आठ दिवस जंगलात गेलेला. ही पोरीले घेऊन गोंदियापर्यंत रेल्वेनं अन् पुढं कोणाच्या तरी बैलबंडीत बसून आली. पोरीचा हात माझ्या हातात दिला, हिले परत पाठवू नका एवढंच म्हणाली, अन् आल्या पावली फिरली. पाणीसुद्धा प्यायली नाही. मले तिचा भरवसा आलाच नाही. काही अंगाशी येईल म्हणून आधीच आपले हात झटकून गेली असेल.

मग पोरीले न्हाऊ घातलं. घनश्याम, तिच्या पाठीवर डाग आहेत रे. अकरा. मी मोजले. गोल, चिलमीच्या तोंडाएवढे. काही जुने काळे पडलेले, तीन अजून ओले.

शेजारच्या सावित्रीबाईले बोलावलं. गावच्या लेकरांना पानथरीचे डाग तीस वर्षांपासून तीच देते. तिनं पाहिलं अन् कपाळाले हात लावला. म्हणाली की पानथरीचा डाग पोटावर, डाव्या बरगडीखाली, विळ्याच्या टोकानं, अन् तीनच. पाठीवर डाग देणारा वैदू तिनं जन्मात पाहिला नाही. पोरीच्या पोटावर एकही डाग नाही. हिरालालचं पत्र सोबत धाडते, वाचून पाहा तो काय लिहितो.

कोणी केलं म्हणून मी तिले दिवसातून दहादा विचारते. मंदाबाईचं नाव घेऊन विचारते. बोलत नाही. अन् नवल हे की मी दौत घेऊन लिहायले बसली की पोरगी उठते अन् धानाच्या कणगीमागं जाऊन बसते. आताही तिथंच आहे. त्या बाईनं माझ्याबद्दल काय भरवून दिलं देव जाणे.

लवकर लिही. मले अन्न गोड लागत नाही.

तुझी,
देवकाबाई


भंडारा, ता. १२ डिसेंबर १९३५

ती. सौ. बाईस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझी थट्टा केली त्याची लाज वाटते. पाया पडतो.

पोरीला विचारणे आजपासून बंद कर. कोणाचेही नाव तिच्यापुढे घेऊ नकोस. तू नाव घातलेस तर उद्या समोरचा वकील म्हणेल की मावशीने पढवले, आणि खरे बोलूनही पोरगी खोटी पडेल. तिला खाऊ घाल, निजव, आपणहून बोलेल तेव्हा ऐक. भाऊजींना घेऊन गोंदियाच्या डॉक्टरांकडे जा, पाठ दाखवून दाखला घे आणि ठाण्यात फिर्याद दे. ईश्वरदास वकील फी घेणार नाहीत.

आता दोन गोष्टी. डाग चिलमीच्या तोंडाएवढे म्हणतेस. त्या घरात चिलीम कोण ओढते, बाई? मंदाबाई ओढताना तर मी ऐकले नाही.

दुसरी अशी की हिरालाल तुझे पत्र जपून ठेवले असे मुद्दाम लिहितो. सरळ माणूस असे कशाला लिहील? वैशाखात तू त्याला काय लिहिलेस? राग मानू नकोस, पण या वेळी मला तुझाच संशय येतो आहे. खरे काय ते कळव.

तुझ्या पाठीशी आहे, एवढे धरून चाल.

घनश्याम


गोरेगाव, ता. ५ जानेवारी १९३६

चि. घनश्याम यास आशीर्वाद. वि. वि.

चिलीम हिरालाल ओढतो. दोन्ही वेळा, जेवणावर. चार दिवस मी तिथं तो वास घेतला अन् तरी त्याच्या बायकोकडंच डोळे वटारून पाहत राहिली. गोड बोलणाऱ्याचे अनारसे खाल्ले ना मी! जीभ झडावी माझी.

डॉक्टरांनी दाखला दिला. फिर्याद झाली. तारीख फेब्रुवारीची आहे. परवा हिरालालकडून मुन्नालाल म्हणून एक माणूस समजूत घालायले आला होता. घरचं घरात मिटवा, कोर्टात पाठ उघडी केल्यावर या पोरीशी लग्न कोण करील, असं म्हणत होता. तुझ्या भाऊजींनी त्याले दारातूनच वाटेले लावलं.

आता तू विचारलं ते. वैशाखात हिरालालनं कळवलं होतं की पोरीचा ताप उतरत नाही, काय करावं. मी घाईत चार ओळी लिहिल्या. तापानं पानथरी वाढली असेल तर पोटावर डाग द्या, तीन. मलेही आईनं दिले होते, अजून आहेत. रडली तरी ऐकू नका. हे माझ्याच हातचं आहे, घनश्याम. मायेनं लिहिलं होतं, पण लिहिलं मीच.

तुझे भाऊजी म्हणतात की तो कोर्टात तेच पत्र काढील. मी अक्षर माझं नाही म्हणून सांगावं, नाहीतर तो मावशीच्या सांगण्यावरून केलं म्हणून सुटेल अन् पोरगी परत त्याच्या घरी जाईल. मी शपथेवर खोटं बोलू का? पोरीसाठी तेही करीन. पण मले समजून नाही राहिलं की खोट्यानं ती वाचेल की खऱ्यानं.

पोरगी अजून माझ्याशी बोलत नाही. सावित्रीबाईच्या मांडीवर जाऊन बसते, माझ्या नाही. काऊन असं, ते तूच सांग.

बहिणीले टाकू नकोस.

देवकाबाई


भंडारा, ता. २३ फेब्रुवारी १९३६

ती. सौ. बाईस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

निकाल तू ऐकलासच. हिरालालला दीड वर्षाची सक्तमजुरी. मुलीच्या सांभाळाचा अर्ज ईश्वरदास वकील इथे देत आहेत, तोवर ती तुझ्याच घरी राहील. पण तुझी साक्ष झाल्यावर तुला बाहेर बसवले होते. आत काय झाले म्हणून गोंदिया स्टेशनवर तू मला तीनदा विचारलेस आणि मी गाडीचे निमित्त करून पळालो. तोंडाने सांगवत नव्हते, म्हणून लिहितो.

खोटे बोल असे मी तुला लिहिले नाही, आणि खरे बोल असे लिहिण्याचा धीरही मला झाला नाही. तूच ठरवलेस. पत्र पुढे करताच तू अक्षर माझेच म्हणालीस, तेव्हा हिरालालने गालातल्या गालात हसून मान डोलावली. मला वाटले, संपले सगळे.

मग शामकलेला आणले. ईश्वरदास वकिलांनी विनंती केली म्हणून मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिला आपल्या टेबलाजवळ स्टुलावर बसवले, हिरालालकडे पाठ करून. आधी विचारले की खोटे बोलले तर काय होते. ती म्हणाली की डाग बसतो. मग तिने सांगितले. भात करपला की, पाणी सांडले की, काकाजी चिलीम पेटवीत.

समोरच्या वकिलाने तिला कोंडीत धरले. मावशी न्हाऊ घालते, जेवू घालते, मग इतके दिवस मावशीला का सांगितले नाही? त्याला पढवलेली साक्ष दाखवायची होती. बाई, मन घट्ट कर. ती म्हणाली की मावशीला कशाला सांगायचे, मावशीनेच तर लिहिले होते. काकाजी दर वेळी पेटीतून पत्र काढून तिला वाचून दाखवीत. डाग द्या, रडली तरी ऐकू नका, मावशी देवका. तू लिहायला बसलीस की तिला वाटे, काकाजीला नवे पत्र चालले.

साहेबांनी तुझे पत्र स्वतः पुन्हा वाचले. काकाजी वाचत त्यात तापाचे, पोटाचे काही होते का, असे तिला विचारले. ती म्हणाली की नव्हते, आणि ताप तर तिला कधी आलाच नव्हता. तिथे हिरालालचे हसू मावळले. तू अक्षर नाकारले असतेस तर मावशीनेच लिहिले म्हणणारी पोरगी खोटी ठरली असती. तू खरे बोललीस म्हणून ती वाचली.

मंदाबाईचीही साक्ष झाली. ती म्हणाली की न्हाऊ घालताना तुझ्या हातचा लोटा हिसकला, कारण पाणी लागताच पोरगी ओरडली असती आणि हिरालाल दाराआड उभा होता; मागून तिला पुन्हा डाग बसले असते. ती आता आमगावला माहेरी आहे. तिला चार शब्द लिही. आपण दोघेही तिचे अपराधी आहोत.

स्वतःला फार बोल लावू नकोस. तुझ्यावाचून मला ओरडणारे कोणी नाही.

घनश्याम


गोरेगाव, ता. २ मार्च १९३६

चि. घनश्याम यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. दोन दिवस उठली नाही. मग पोरीपुढं बसली, माझ्या पोटावरचे तीन डाग तिले दाखवले, मी काय लिहिलं होतं अन् काऊन ते सांगितलं. माफी मागितली. तिनं बोट लावून तिन्ही डाग मोजले.

मंदाबाईले पत्र टाकलं. उत्तर नाही. नसू दे, ते मी माझ्या हातानं कमावलं.

आता मी लिहायले बसली की पोरगी कणगीमागं जात नाही, समोर बसून कलमाकडं पाहते. मी लिहिते ते मोठ्यानं वाचून दाखवते. आज तेच केलं, तर हळूच म्हणाली की काकाजीपण वाचूनच दाखवत. उद्या तिले शाळेत घालते.

आमच्या दोघींची खुशाली विचारत जा.

देवकाबाई


गोरेगाव, ता. १८ नोव्हेंबर १९३६

ती. मामाजीस शामकलाचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहिले आहे. मावशीने सांगून लिहिले नाही. मावशी चुलीपाशी आहे. भाऊबीजेला तुम्ही आला म्हणून मावशी खूश आहे, पण तुम्ही अनारसे जास्त खाल्ले असे म्हणते. आमगावची काकी पण आली होती. तिने माझी वेणी घातली. पाठ आता दुखत नाही. मी भिंतीला टेकून बसते.

पत्राच्या घडीत मोहरी घातली आहे. मावशीने शिकवले. वीस दाणे आहेत. कमी निघाले तर कळवा.

एक काम आहे. मावशीचे ते पत्र आता कोर्टातून सोडवता येते असे तुम्ही म्हणाला होता. ते आणा. नक्कल नको, मावशीच्या हातचेच पाहिजे. मावशी म्हणते त्यात ताप लिहिला आहे अन् पोट लिहिले आहे. मले आता जोडाक्षरे येतात. मी वाचीन, मग मावशीच्या मांडीवर बसीन.

माझ्यावर माया असू द्यावी. मावशीवर पण.

तुमची भाची,
शामकला