पाकिटावरचा जिल्हा

सोमवार, तारीख दहा

चिरंजीव धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद. गुडघे सोडून इकडे सगळं ठीक आहे. सूनबाईला म्हणावं, इतक्यात जड उचलू नकोस.

अरे, मी आजी झाले! आणि मला कळलं कुठे, तर पिठाच्या गिरणीत! पोस्टमन म्हणतो, "आजी, नातीला बघायला कधी जाणार?" मी म्हटलं, कुणाची नात? तू उघडं कार्ड टाकलंस, ते गावानं वाचलं, मी सोडून. तुझी पत्रं तुझे बाबा दारातूनच परत पाठवतात. "असला जिल्हा आम्हाला ठाऊक नाही," म्हणतात. पोस्टमनला! बिचाऱ्यानं फोटोचं पाकीट तरी माझ्या हातात दिलं.

इतकी चिडले की दळण तिथेच विसरले. यांना विचारलं, तर म्हणे, "पत्ता चुकीचा होता." जन्मभर जुन्या जिल्हा कचेरीत शिपाई, रोज सकाळी दारावरची जिल्ह्याच्या नावाची लाकडी पाटी पुसायची. जिल्हा मोडला, कचेरीला कुलूप लागलं, तर पाटी खांद्यावर टाकून घरी आणली. झाडताना मी तिला वळसा घालते. जागचं हलवलेलं खपत नाही.

तूही काही कमी नाहीस. मोजणी खात्यात आहेस, नव्या नकाशावर रेघा मारल्यास, मान्य. म्हणून पाकिटावर नव्या जिल्ह्याचं नाव एवढं ठसठशीत लिहायचं? बाप वाचणार हे माहीत असून? तुमचं दोघांचं जिल्ह्यावरून चाललंय, आणि नात बघायची राहिली माझी!

फोटो मी यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "कान आपल्याकडचे आहेत," म्हणाले. आपल्याकडचे म्हणजे कुठल्या जिल्ह्यातले, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आज सकाळपासून मागच्या दारी करवत चाललीय. पाटीचा पाळणा करतायत. अक्षरं वरच्या बाजूलाच ठेवणार म्हणून अडून बसलेत. मी म्हटलं, ठेवा, गादी घातली की झाकली जातील.

आलास की पाळण्यात वाकून बघ, पण अक्षरं दिसली तरी तोंड उघडू नकोस. आणि लवकर या. माप फोटोवरून घेतलंय, पोर पाळण्यात मावतेय तोवर यायला हवं.

उत्तर पाठव. पाकिटावर जिल्हा लिहूच नकोस. गाव लिही, खाली 'शिपायाचं घर' लिही. पोचतं.

तुझी, दोघांनाही कंटाळलेली,
आई