बाबांचा ‘ढ’

दि. ३ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. चाळीस वर्षं बुलडोझरशेजारी काढल्यावर माझे कान आता शोभेपुरते उरलेत. तू डोझर म्हणशील आणि मी मांजर ऐकेन.

अकरा वर्षं दुसऱ्यांची मशिनं चालवून आता स्वतःचं घेतेस, हे वाचून ऊर भरून आला. पण जुना डोझर घेणं म्हणजे डोळ्यात तेल घालून बघायचं काम. सकाळी न कळवता जा आणि आधी इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर समज, गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं म्हणून रडणाऱ्या पोराला कोणीतरी आधीच थोपटून ठेवलंय. मीटरवरच्या तासांवर जाऊ नकोस, पेडल बघ. पेडल गुळगुळीत आणि तास कमी, म्हणजे मीटर थापा मारतोय. चेन फिरवणाऱ्या चाकाचे दात टोकदार झालेत का, खालच्या रोलरांतून तेल गळतंय का, तेही बघ. कपडे खराब झाले तरी चालतील, मशीनखाली झोपूनच बघायचं.

आणि इंजिन चालू झालं की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकव, मूठ दातांत धर. आतला प्रत्येक ठोका डोक्यात वाजतो. मी असं करायला लागलो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, मला ‘इंजिन चावणारा मामा’ म्हणायचीस.

आज लेकीचं मशीन बघायला दाजी हवे होते. आम्ही एकाच मशीनवर, आमच्या ‘म्हातारी’वर, ते चालवायला आणि मी दुरुस्तीला, वेल्डिंग तेवढं त्यांच्याकडे. त्यांच्या नोंदवहीत कायम ‘गाढी बंद आहे’. शाळेत मास्तरांनी ‘ढ’ म्हटलं, त्याचा सूड म्हणून की काय, जन्मभर ‘ड’च्या जागी ‘ढ’ लिहीत राहिले. मी चिडवलं की म्हणायचे, गाडी चालल्याशी मतलब. काय बघितलंस ते सविस्तर लिही. माया आहेच, ती पत्रापत्रानं वाढव.

तुझा
मामा

*

दि. ९ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं. इंजिन गार होतं आणि पहिल्या फटक्यात सुरू झालं. पेडलावरच्या रेघा अजून शाबूत आहेत. रोलर कोरडे, चेन थोडी सैल, पण आवळता येईल इतकीच. मी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला तेव्हा विकणाऱ्या गृहस्थांनी विचारलं की ताई, बरं वाटतंय ना? मी तोंड उघडू शकत नव्हते, म्हणून नुसती मान हलवली. आतून एकसारखा, घट्ट आवाज आला. दिवसभर दाढा झिणझिणत होत्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. मी मशीनखाली झोपले होते. मागच्या बाजूला, सीटच्या बरोबर खाली, फ्रेमवर डावीकडे एक जुनं वेल्डिंग दिसलं. वर पिवळ्या रंगाचा जाड थर आहे, तरी त्याच्या लाटा कळतात आणि त्या सगळ्या उलट्या पडल्यात, डावखुऱ्या माणसाच्या. बाबांनी आपल्या फाटकाच्या बिजागरीला केलं होतं ना, अगदी तसं. नंबराची पट्टी वाचली तर आईकडच्या जुन्या फोटोत बाबांच्या मशीनवर दिसतो तोच नंबर निघाला. मामा, ही तुमची म्हातारी आहे. मी तिथेच पडून रडले. ग्रीसच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे दिसायला भूतच झाले होते.

पुढच्या महिन्यात एका मोठ्या मैदानाच्या सपाटीचं काम आहे आणि स्वतःचं मशीन असेल त्यालाच ते देणार आहेत. हे हुकलं तर वर्षभर पुन्हा परक्या सीटवर बसायचं. मी तोंडी हो म्हणून आलेय, शनिवारी सही करायची. बाबांच्याच सीटवर बसायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं. तुझा आशीर्वाद तेवढा टपालानं धाड. मामीला नमस्कार.

तुझी
ठमी

*

दि. १३ नोव्हेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला हुंदका आवरेना. मामी धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं. म्हातारी अजून चालतेय हे कळल्यावर सगळे दिवस डोळ्यांपुढे आले. जेवायच्या सुट्टीत तिच्या पात्याच्या सावलीत आम्ही दोघं आडवे व्हायचो आणि दाजींचं घोरणं इंजिनापेक्षा मोठं असायचं.

पण ठमे, ती घेऊ नकोस.

त्या वेल्डिंगखाली फ्रेमला तडा गेलाय. मालकाला कळतं तर मशीन भंगारात आणि आम्ही दोघं घरी, म्हणून मीच दाजींना म्हटलं की वेल्ड करा आणि गप्प बसा. ते म्हणाले, हे लपवलं तर उद्या कोणाचं तरी पोर याच सीटवर बसेल. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी वेल्ड केलं, रंगही हट्टानं स्वतःच मारला, मला जवळ येऊ दिलं नाही. पुढे सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. तुझी आई मध्ये पडली तेव्हा कुठे मिटलं.

आज ते पोर तूच निघालीस. सव्वीस वर्षांपूर्वीची माझी चूक तुझ्या वाटेत येऊन बसली, मला माफ कर. वेल्ड चांगलाच असणार, दाजींचा हातच तसा होता. पण तडा वेल्डच्या टोकापासून पुढे सरकतो आणि उतारावर फ्रेम तुटली तर मशीन उलटेल. माझ्या शब्दावरही जाऊ नकोस. तिथला रंग खरवड, रॉकेल लाव, दहा मिनिटांनी पुसून खडू फास. तडा असेल तिथे काळी रेघ उठते. मला तोंड दाखवायला लाज वाटते, तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा
मामा

*

दि. १७ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सही केली नाही. तू सांगितल्याप्रमाणे रॉकेल आणि खडू लावला. वेल्डच्या टोकापासून वीतभर काळी रेघ उठली. विकणाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं, बिचारे मटकन खाली बसले. मीही त्यांच्याशेजारी बसून चहा घेतला. मैदानाचं काम गेलं.

रविवारी दुसरं मशीन बघायला जातेय आणि तू माझ्याबरोबर यायचं आहेस. लाज घरी ठेव, दात घेऊन ये.

आता एक सांगते, ते नीट वाच. मी रंग खरवडत होते तेव्हा वेल्डच्या शेजारी लोखंडावर हाताला खडबडीत ठिपके लागले. सगळा रंग काढला. बाबांनी वेल्डिंगच्या रॉडनंच तड्याकडे रोखलेला एक बाण काढलाय आणि त्यापुढे अक्षरं लिहिली आहेत. रंग त्यांनी स्वतः का मारला ते तेव्हा कळलं. तुझा शब्द त्यांनी पाळला, मालकाला काही दिसू दिलं नाही. पण पुढे कधी कोणी रंग काढून तपासेल, त्याच्यासाठी लिहून ठेवलं. मामा, त्यांनी मला सांगितलं. तेव्हा आता स्वतःला बोल लावणं पुरे. रविवारी आठच्या गाडीनं ये, मी न्यायला येईन.

तुझीच
ठमी

ता. क. त्यांनी ‘तढा’ असं लिहिलंय. मी दुरुस्त केलं नाही, पुढच्या माणसाला दिसावं म्हणून खडूनं नुसतं गिरवून आले.