ग्रंथपालांना विचारा

१२ नोव्हेंबर
चॅट सुरू झालं. कॉलेजच्या लायब्ररीच्या वेबपानावर खाली उजवीकडे एक चौकोन. 'ग्रंथपालांना विचारा.' लॉगिन नको, हा माझाच आग्रह. लॉगिन म्हटलं की मेडिकलची मुलं पळतात. विचारणाऱ्याचं नाव फक्त 'पाहुणा' असं दिसतं.
स्टिकर छापून आणले. त्यावरच्या क्यूआर कोडवर फोन धरला की चौकोन उघडतो. आमचा शिपाई बाबूराव चिकटवतोय. वाचनकक्ष, वसतिगृह, कॅन्टीन.
पहिला प्रश्न दुपारी. "एसी चालू आहे का?"
दुसरा, वायफायचा पासवर्ड.

१५ नोव्हें.
कपाटांकडे कोणी फिरकत नाही. मुलं येतात, चार्जर लावतात, आपापल्या फोनमध्ये वाचतात. बाबूराव म्हणाला, "मॅडम, पुस्तकांपरीस प्लगालाच लय मागणी हाय. त्याचंच कार्ड काढूया."
पण चॅटवर विचारतात. काउंटरवर कधी विचारलं नसतं असं. एकीने विचारलं, नापास झाल्याचं घरी कसं सांगायचं. यावर पुस्तक नाही. तरी चार ओळी लिहिल्या. "थँक्यू मॅम." समोरच्याच टेबलावर बसलेली असेल.
इतकी वर्षं काउंटरमागे काढली. मुलं बोलत नाहीत असं वाटायचं.

१९ नोव्हें.
आज खरा प्रश्न.
"फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. पुस्तकात काय दिलंय. मराठीत सांगा."
शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत रुग्णाला मराठीत समजावून सांगावं लागतं. मुलं तिथेच अडतात. प्रकरण काढलं, पानाचा फोटो पाठवला. खाली मराठी दिलं. दोनतीनदा खोडून शेवटी असं:
'हा आजार बरा होत नाही. उपचाराने थोडा वेळ मिळतो, तोही त्रासाचा.'
जास्तीचा शब्द नाही. एम.ए.ला आमचे सर सांगत, कठीण गोष्ट लहान वाक्यात मांडावी. बसमध्ये मिरज ते सांगली हेच वाक्य मनात. बरं वाटत होतं.

२१ नोव्हें.
काउंटरवर एक गृहस्थ. पन्नाशीचे, ताठ, बारीक कापलेले केस. रुग्णांचे नातेवाईक आत येतात ते स्वच्छतागृह विचारायला. मी त्या दिशेला हात केला.
"न्हाई मॅडम. त्या फोनवर लिवणाऱ्या बाई कोण?"
"मी."
त्यांनी हात जोडले. सर्जेराव. सैन्यात सुभेदार होते. गाव कवठे महांकाळच्या पुढे. धाकटा भाऊ नामदेव इथे आमच्याच हॉस्पिटलात. कॅन्टीनमध्ये चहा पिताना टेबलावर स्टिकर दिसला.
"मोठे डॉक्टर येत्यात, इंग्लिशमधी बोलत्यात, जात्यात. इचारलं तर म्हनत्यात, बघू. तुमी सरळ सांगितलं. नामाला वाचून दाखवलं."
"वाचून दाखवलंत?"
"व्हय. त्यो म्हनला, झालं की मग. हितं कशाला पडून ऱ्हायाचं. घरी चला."
सकाळीच सह्या करून डिस्चार्ज घेतलाय. गाडी खाली उभी. जाण्याआधी आभार मानायला आले. काउंटरवर घरच्या बेदाण्यांची पुडी ठेवली.
मी पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली.
काउंटरवर माणूस दिसतो. कुणासाठी हवंय, हे आपण सवयीने विचारतो. चौकोनात विचारलं नाही. स्टिकर मुलांसाठी लावले. कॅन्टीनमध्ये निम्मे लोक वॉर्डातले असतात, हे रोज बघते.

तोच दिवस, संध्याकाळी.
प्रकरण पुन्हा काढलं. पान उलटलं. एक प्रकार असा असतो. वेगळ्या तपासणीत कळतो. रोज गोळी, आणि माणूस कित्येक वर्षं हिंडूफिरू शकतो. माझा फोटो आधीच्या पानाच्या तळाशी संपला होता.
आणि 'तोही त्रासाचा' पुस्तकात कुठेच नाही. 'दुष्परिणाम संभवतात' एवढंच आहे. ते दोन शब्द माझे. त्यांच्याशिवाय वाक्य अर्धं वाटत होतं.
बेदाणे ड्रॉवरमध्ये. खाववत नाहीत.

२२ नोव्हें.
कॅन्सर विभागाचे डॉ. पा. यांना जाऊन सांगितलं.
"त्याच तपासणीचा रिपोर्ट यायचाय. थांबा म्हटलं होतं त्यांना."
"त्यांना ते कळलं नाही."
"तुमचं बरोबर कळलं."
मग डीनसर. चॅट आजच बंद करा. म्हटलं, सर, बंद केलं तरी सर्जेरावांच्या फोनमध्ये माझं उत्तर तसंच राहील. मला फक्त पुढे काही लिहिता येणार नाही. त्यांनी रिपोर्ट येईपर्यंत मुदत दिली.
कॅन्टीनमधले स्टिकर बाबूरावला काढायला सांगितले. अर्धेच निघाले. उरलेल्यांवर चौकोन अजून उघडतो.

२५ नोव्हें.
रिपोर्ट आला. गोळी लागू पडणारा प्रकार.
डॉ. पा. यांनी माझ्यासमोर फोन लावला. सर्जेरावांनी स्पीकर चालू केला असावा. मागून दुसराच आवाज, बारीक, दम लागलेला. "दादा, ठेव फोन. पुस्तकात छापल्यालं काय खोटं असतंय व्हय? ह्यांला आता आपन गेलो म्हनून आठवण झाली."
फोन बंद.
दुपारी डॉ. पा. लायब्ररीत आले. याआधी ते कधी आल्याचं मला आठवत नाही. काउंटरशी उभे राहिले, पुस्तक मागायला आलेल्या मुलासारखे.
"तुम्ही लिहा. तुमचंच ऐकतील."
"काय लिहू?"
"खरं. बरा होणार नाही. पण वर्षं मिळतील, आणि बरी जातील. उशीर केला तर तेही नाही."
लिहिलं. भराभर, न खोडता. रिपोर्टचं, गोळीचं, मी न पाठवलेल्या पानाचं. ते दोन शब्द माझे होते, पुस्तकातले नव्हते, हेही. फोनवर तीन वेळा बोट सरकवावं लागेल इतकं झालं. बाबूरावला वाचून दाखवलं.
"कळतंय का?"
"कळतंय की. पन मॅडम, राग मानू नगा. एवढं लांबडं लिवलं की मानसाला वाटतं, कायतरी झाकाय लागल्यात."
तसंच पाठवलं.

२६ नोव्हें.
'वाचले' अशी खूण आली. उत्तर नाही. डॉ. पा. यांचा दोनदा निरोप, काही आलं का.
मुलांचे प्रश्न साचलेत. एकालाही उत्तर दिलेलं नाही. प्रत्येकाला आधी विचारावंसं वाटतं, तू कोण, कुणासाठी. एकाला विचारलंही. त्याने लिहिलं, "मॅम, मी फक्त लायब्ररी कधी बंद होते विचारतोय."

२७ नोव्हें.
डीनसर: रिपोर्ट आला ना? मग आज संध्याकाळी बंद.
पाचच्या सुमाराला चौकोन उघडला.
"मॅडम, सर्जेराव. नामा इचारतोय, आदी लिवलं ते खरं का आत्ता लिवलं ते."
मी लिहायला घेतलं. बरा होत नाही हे खरंच आहे. वर्षं मिळतील हेही खरं. 'आत्ताचं' म्हटलं तर तो बरा होणार समजून येईल. 'दोन्ही' म्हटलं तर येणारच नाही.
तेवढ्यात खाली दुसरी ओळ.
"लांब नगो म्हनतोय. पहिल्यासारखं सांगा."
बाबूराव दिवे मालवत इथपर्यंत आलाय. चौकोनात हिरवा ठिपका आहे, पाहुणा थांबलाय. 'या' एवढंच लिहिलंय. अजून पाठवलेलं नाही.