आतल्या बाजूच्या रेघा

४ जून
पॉलिश पेपर हातातच राहिला. गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार आतून घासत होतो आणि वाटलं, इथेही आहेत! दार उजेडात नेलं. लाकडाचे रेशे, दुसरं काही नाही.
आता कुठलंही दार उघडलं की आधी तेच शोधतो — पेन्सिलीच्या आडव्या रेघा, एकीवर एक. कुणाचं तरी पोर वाढत गेलेलं.

९ जून
वकिलांकडे गेलो. अपिलाचा सगळा भार एकाच मुद्द्यावर. मी विकत घेतलेलं ते रेघांचं कपाट चोरीचं आहे हे मला ठाऊक असतं, तर त्या रेघा मी आधी घासून टाकल्या असत्या. मी बाहेरून पॉलिश केलं, आत हात लावला नाही.
खालच्या कोर्टाने नेमकं उलटं धरलं. विकणारा म्हणाला, घर बदलतोय. मी विश्वास ठेवला. निकालातलं वाक्य मला पाठ आहे — 'असं कपाट कुठलीही आई विकणार नाही, हे जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला कळायला हवं होतं.' दीड वर्ष कैद.
का नाही घासलंत, वकिलांनी विचारलं.
घासवलं नाही.
एवढ्याने भागणार नाही, म्हणाले.

१० जून
मेहुणा येऊन गेला. म्हणे, यापुढे साधं स्टूल घेतलंस तरी आधी त्याच्या आईबापाची चौकशी कर. ही हसली, बऱ्याच दिवसांनी. मग स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

२१ जून
बाजारात ती बाई दिसली, कपाट जिच्या घरून चोरीला गेलं होतं ती.
साक्षीच्या दिवशी कपाट कोर्टाच्या आवारात आणलं होतं. तिने दार उघडून सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. सरकारी वकिलाने विचारलं, याच्या वर रेघ का नाही?
'पुढे तो नव्हता,' म्हणाली.
कपाट केव्हाच तिच्या घरी परत गेलंय. दुकानातली त्याची जागा मी भरलेली नाही. तिथून जाताना अजून वळसा घालतो.
आज तिने मला पाहिलं. तोंड फिरवलं नाही. फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

२ जुलै
उद्या निकाल. हिने शर्टाचं बटण लावून दिलं. दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, जेवायला घरीच या.

३ जुलै
अपील फेटाळलं. शिक्षा कायम. हजर व्हायला आठवडा दिलाय.
न्यायाधीशांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं — कुठलीही आई. ती बाई मागच्या बाकावर बसली होती. वाक्य पुरं व्हायच्या आत उठून बाहेर गेली.
जेवायला घरी आलो. दोघंही जेवलो नाही.

४ जुलै
सकाळी दुकान उघडलं. दारात हातगाडी, गाडीवर ते कपाट. शेजारी ती.
'विकायचंय,' म्हणाली. 'घरात बघवत नाही.'
गाडीवाल्याने विचारलं, कुठे ठेवू. मी रिकामी जागा दाखवली.